सहीतला ळ

माझ्या बाबाच्या नावात एक ळ आहे. हा ळ आमच्या घरात कोणालाच बोलता यायचा नाही. अंजूरला आमच्या आळीत जाळ्याला जालं म्हणतात आणि डोळ्याला डोला, त्यामुळे शाळेत जाईपर्यंत असं काही अक्षर असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आईला दोन कानांऐवजी एकाच कानाचं यंत्र मिळालं ते या अक्षरापायी, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे ते माझ्या शहाणपणापायी झालं. मी आपलं अक्षराचं नाव पुढे करायची.

आई भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. वीस वर्षं तिने तेच केलं. एका पत्र्याखाली तीस लूम दिवसभर खडखडतात तिथे बायका बोलत नाहीत, नुसते ओठ हलवतात, आणि समोरची ते वाचते. आईला ओठ वाचायची इतकी सवय की तिचे कान गेले हे आम्हाला कळलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती बरोबर उत्तर द्यायची. बाबाला मात्र द्यायची नाही. बाबाला वाटलं बायको रुसली. बिचारा महिनाभर खाडीतलं चांगलं चांगलं म्हावरं तिच्यापुढे आणून ठेवत होता. शेवटी तिनेच सांगितलं, "तुमचे ओठ मिशीत जातान, मना दिसत न्हाय."

आमच्याकडे पुरुष मिशी काढतो ती घरात कोणी वारलं तरच. बाबाची मिशी तर चांगली झुपकेदार, पीळ दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंजूर फाट्यावर गेला आणि सफाचट होऊन आला. आठवडाभर गावातली माणसं त्याला अडवून विचारत होती, कोण गेलं म्हणून. तो सांगायचा, "कोन न्हाय गेला. बायकोशी बोलायचं हाय." हे मी कॉलेजात जायला लागण्याच्याही आधीचं सांगतेय. तेव्हापासून आई त्याचे ओठ वाचायची, आणि तो उगाचच, ऐकू जाणार नाही हे माहीत असून, ओरडून बोलायचा.

बाबा खाडीवर मासे धरायचा. जाळं स्वतः विणायचा, आणि त्यासाठी नायलॉनचा दोरा भिवंडीच्या बाजारातून एकाच दुकानातून आणि एकाच कंपनीचा आणायचा. दुसरा दोरा दाखवला तर हातसुद्धा लावायचा नाही. मी तिसरीत असताना त्या दुकानदाराने त्याला सांगितलं की कंपनी शेअर विकतेय, दहा रुपयाला एक, तुम्ही जुने गिऱ्हाईक, भरा फॉर्म. बाबाला शेअर म्हणजे काय ते काडीचं कळत नव्हतं. पण "हिचा दोरा खाडीत तीन वर्सं कुजत न्हाय" एवढं त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्याने शंभर शेअर घ्यायचे ठरवले.

अडलं सहीवर. तोवर तो अंगठा करायचा. फॉर्म घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, "पोरी, मना सही शिकव." त्याला दुकानदारासमोर शाईत अंगठा बुडवायचा नव्हता. मी माझी पाटी काढली, मास्तरीणबाईंचा आवाज काढला आणि दोन संध्याकाळी त्याला छड्या मारायची धमकी देत शिकवलं. त्याचं नाव मी आमच्या घरात बोलतात तसं लिहिलं, म्हणजे ल घालून. त्याने ते तसंच्या तसं गिरवलं. फॉर्म गेला, काही महिन्यांनी इंग्रजीतले जाड कागद आले, आणि ते पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली जाऊन पडले.

पाचवीत गेल्यावर बाईंनी वर्गात माझं प्रगतिपुस्तक उघडलं आणि सही बघून म्हणाल्या, "वडिलांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही का?" सगळा वर्ग हसला. मी घरी आले ती पाय आपटतच. बाबा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याच्या हातातलं जाळं ओढून घेतलं, पाटी दिली आणि म्हटलं, हे अक्षर आल्याशिवाय उठायचं नाही. त्याने एकदाही विचारलं नाही की आधीचं चुकीचं कोणी शिकवलं होतं. जीभ दातांत धरून तो ळ काढत बसला. "दोन गल एकमेकांत अडकल्यावानी दिसतं गो," म्हणाला. पाटीभर गळ काढून झाल्यावर त्याने मला दाखवली आणि विचारलं, "आता तुजे बाई हसतील का?"

त्या दिवसापासून बाबाची सही ळ घालूनच. बँकेत, रेशनच्या दुकानात, माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर. त्या अक्षराचा त्याला अभिमान होता. सही करताना तिथे तो थोडा थांबायचा, आणि मग पेन दाबून दोन्ही गोल काढायचा.

दोन हजार साल लागलं तेव्हा मी बी.कॉम. होऊन आई जिथे कांड्या भरायची त्याच कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहीत होते. काचेचं दार लावलं की लूमचा आवाज निम्मा व्हायचा. आईचं काम तोवर सुटलं होतं. ठाण्याला एका डॉक्टरीणबाईंनी तिचे कान तपासले होते आणि मला स्पष्ट सांगितलं होतं, "थोडं ऐकू येणं शिल्लक आहे. यंत्र लावलं तर चालेल. पण वेळ काढू नका. मेंदूची ऐकायची सवय गेली की यंत्र लावूनही आवाज नुसता गोंगाट वाटतो." चांगलं यंत्र एका कानाला वीस हजार. दोन कानांना चाळीस. माझा पगार तेव्हा अठराशे होता.

आणि त्याच सुमारास आमच्या शेठच्या ऑफिसातल्या टीव्हीवर, खालच्या पळत्या पट्टीत, मला बाबाची कंपनी दिसली. वर्षानुवर्षं चार रुपयाला कोणी विचारत नव्हतं तो शेअर नव्वदला. मी डोळे चोळले. झालं होतं असं, की कंपनीच्या इंग्रजी नावात जाळ्याचा म्हणून 'नेट' हा शब्द पहिल्यापासूनच होता. त्यांनी मागचा दोऱ्याचा शब्द काढून टाकला आणि पुढे 'इन्फो' लावलं. त्याचं पत्रही घरी आलं होतं, बाबाने ते जाळ्याच्या सुया गुंडाळायला वापरलं होतं. तेव्हा दिवसच असे होते की नावात नेट असलं की लोक डोळे मिटून शेअर घेत सुटायचे.

मी धावत घरी आले आणि बाबाला इंटरनेट समजावून सांगितलं. सगळ्या जगातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, जाळ्यासारखे.

"बरं," बाबा म्हणाला. "त्यात गावतं काय?"

"माहिती."

"ती इकतान?"

"अजून नाही. आत्ता फुकट देतात. पुढे विकतील."

"मंग भाव कसला?"

"पुढचा. बाजार पुढचं बघतो, बाबा."

खाडीवरचा माणूस आता भरती-ओहोटीचं काहीतरी ऐकवणार म्हणून मी तयारीत होते. लोकांना वाटतं आम्ही सगळं भरती-ओहोटीतच बोलतो. त्याने तसलं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो रिक्षाने बाजारात गेला, त्याच दुकानात, आणि परत येऊन मला म्हणाला, "दिवालीपासून दोरा येत न्हाय. कंपनीनं बनवायचा बंद केला. इकून टाक."

"अरे बाबा, दोऱ्यासाठी नाही चढत तो."

"मना दोऱ्याचा माहीत हाय. बाकीचा तुला बी माहीत न्हाय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला राग आला. माझा राग पहिल्यापासून नाकावर. मी कॉमर्सची, मला बॅलन्सशीट वाचता येते, आणि हा मला दोऱ्यावरून शेअर शिकवणार. पण खरं सांगायचं तर त्या कंपनीची बॅलन्सशीट मी एकदाही मागवली नव्हती. मी फक्त ती पळती पट्टी बघत होते.

घरात मग भाव कानांत मोजायला सुरुवात झाली. शंभर शेअर, म्हणजे दोनशेचा भाव झाला की एक कान, चारशेला दोन. मी संध्याकाळी घरी शिरले की आई दारातूनच माझ्या ओठांकडे बघायची. मी एक बोट दाखवून ते अर्धं मुडपायची, म्हणजे अर्धा कान. ती हसायची. तिला हा खेळ वाटायचा. तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही आणि यंत्रही मागितलं नव्हतं.

दोनशे झाले त्या दिवशी बाबाने पुन्हा म्हटलं, "झाला एक कान. दे इकून."

मी म्हटलं, "थांब. दोन्ही कान घेऊ. एका कानाने अर्धवट कशाला?"

"आयला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. अडीचशे झाले, तीनशे झाले. आमचा शेठ दोन लूम भंगारात घालून शेअर घ्यायच्या गोष्टी करत होता. होळीच्या आठवड्यात भाव तीनशे नव्वदला टेकला आणि मी अर्धी सुट्टी टाकून कल्याण नाक्यावर एक शेअरचा दलाल बसायचा त्याच्याकडे गेले. म्हटलं, उद्या चारशे होतील, विकायची तयारी करा. त्याने पेटीतले कागद उलटेपालटे करून बघितले आणि माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं.

"मॅडम, ये तो कागज है. आजकल कागज नहीं बिकता. पहले डीमॅट करना पडेगा, खाता खोलना पडेगा. तीन-चार हफ्ते."

तीन महिने भावाकडे टक लावून बसलेली मी, कागद विकता येतात का हे विचारायची अक्कल मला झाली नव्हती. दोनशेला बाबाचं ऐकून इथे आले असते तर हे तेव्हाच कळलं असतं, आणि तीनशे नव्वदला मी तयार बसले असते. घरी हे मी सांगितलं नाही. नुसते फॉर्म नेले आणि बाबाच्या सह्या घेतल्या. त्याने प्रत्येक ठिकाणी थांबून, पेन दाबून ळ काढला.

पाडवा झाला आणि कंपनीकडून कागद परत आले. वर शेरा होता की सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. भाव तोवर तीनशेच्या खाली आला होता. दलाल म्हणाला, "फॉर्म भरा था तब जैसा साइन किया था, वैसा ही करवाओ."

मी घरी आले आणि बाबावर घसरले. आजही ते आठवलं की माझं मलाच नकोसं होतं. मी म्हटलं, "तुला साधी सही धड येत नाही का? हात थरथरतो तर सांगायचं ना." त्याला ओटीवर बसवलं, कागद दिला आणि दहा सह्या करायला लावल्या. तो म्हणत होता, "माजी सही एकच हाय गो," आणि करत होता. दहाच्या दहा सारख्या. मी म्हटलं, जरा वेगळी कर. त्याला वेगळी म्हणजे कशी तेच कळेना. कपाळावर घाम आला त्याच्या. माझ्या बाईंनी मला कधी इतकं घाबरवलं नव्हतं.

आई चुलीकडून आमचे ओठ बघत होती. ती उठली, पेटी उघडली आणि तळातून माझी प्रगतिपुस्तकं काढून आणली. तिसरीचं उघडून बाबाच्या कागदाशेजारी ठेवलं. आईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण वीस वर्षं सुतातल्या गाठी आणि वेढे शोधायची सवय तिच्या नजरेला. तिने तिसरीच्या सहीवर बोट ठेवलं, मग आताच्या सहीतल्या ळवर ठेवलं आणि म्हणाली, "इथं येक येढा जास्ती हाय."

मी बघितलं. ल. माझा ल. माझ्याच हातचा, माझ्याच पाटीवरचा.

ज्या चुकीसाठी मी पाचवीत त्याला पाटी दिली ती चूक माझी होती, आणि आज ज्यासाठी त्याला घाम फोडला तीही माझीच. मी खाली बसले आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. बाबाने पेन बाजूला ठेवलं. "रडतंस कशाला," म्हणाला. "तूच शिकवलंस, तूच पुसलंस. आता परत शिकव."

शिकवणं सोपं नव्हतं. त्याचा हात आपोआप ळकडे जायचा. तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. त्याच्या मधेच लक्षात यायचं आणि तो "अरे, परत गल अडकला" म्हणून हसायचा. फॉर्म पुन्हा गेले, सगळीकडे ल.

यावेळी कागद अडले नाहीत. मे महिन्यात शेअर खात्यात जमा झाले. त्या दिवशी भाव होता दोनशे दहा.

दलाल म्हणाला, "अभी बेचना पागलपन है. गिरा है तो चढेगा, मॅडम. तीन सौ तो पक्का." शेठही तेच म्हणाला. आणि खरं सांगू का, मलाही तेच वाटत होतं. तीनशे नव्वद डोळ्यांनी बघितल्यावर दोनशे दहाला विकायचं म्हणजे आईचा एक कान माझ्या हातून गेल्यासारखं वाटत होतं. मी बाबाला म्हटलं, "महिनाभर थांबूया. दुसऱ्या कानाचे तरी निघतील."

बाबा जाळ्याला गाठ मारत होता. ती पुरी केली आणि मग बोलला. "भाव चढंल, उतरंल. माज्या नशिबात काय ते मना माहीत न्हाय. पन डॉक्टरीन काय बोलली ती तूच मना सांगितलीस. रोज तिचं थोडं थोडं जातंय. मी तिच्याशी बोलतो ना, मना समजतं. आदी ती माजं अर्धं वाक्य बघून हसायची. आता पुरं बघते, तरी इचारते." त्याने दोरा दातांनी तोडला. "एक कान बास हाय. मी त्या बाजूला बसेन."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रिक्षाने गेले आणि विकायला सांगून आले. एका कानाचे पैसे आले, वर बॅटऱ्यांपुरते आणि ठाण्याला जायच्या भाड्यापुरते उरले. नावात नेट असलेल्या कित्येक कंपन्या पुढे बुडाल्या, तशीच तीही बुडाली. दलालाकडे तिचे शेअर होते, ते त्याच्याकडेच राहिले.

ठाण्याला डॉक्टरीणबाईंनी यंत्र आईच्या डाव्या कानात बसवलं. पंख्याचा आवाज आला म्हणून आईने दचकून वर बघितलं. बाई बाबाला म्हणाल्या, "आता तुम्ही बोला. ओरडू नका हं, हळू बोला. आणि त्या तुमच्याकडे बघत नसताना बोला."

बाबाला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. तो आईच्या डाव्या बाजूला, थोडा मागे जाऊन बसला. अकरा वर्षांनी बायकोला काय ऐकवायचं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी अगदी हळू म्हणाला, "जेवलीस का?"

आई तशीच समोर भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं गेलं, उशीर झाला, नुसता गोंगाटच आला तिच्या कानात. मग ती हळूहळू वळली आणि त्याच्या ओठांकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "तुमचा आवाज म्हातारा झाला ओ."

बाबाने वरच्या ओठावरून हात फिरवला, जिथे पूर्वी मिशी होती.

"व्हनारच," म्हणाला. "अकरा वर्सं येकट्यानंच वापरलाय."

त्यानंतर बाबाने मिशी परत वाढवली. ती पांढरी आली.